उन्हाळ्याची वाट पाहू नकोस

पुणे,
रविवार, २८ जुलै २०२४

चि. सायलीस,


काल रात्री उशिरा तुझ्या आईचा फोन आला होता. रडत नव्हती, पण एकेक शब्द मोजून बोलत होती, आणि सुमी तशी बोलायला लागली की मला झोप लागत नाही हे तुला माहीत आहे. तिने लावला तेव्हा तुझा फोन तू उचललाच नाहीस, खोलीतल्या कोट्टयमच्या मुलीने उचलला. तिने बिचारीने खरं ते सांगून टाकलं. सुट्टीच्या दिवशी तू अंथरुणातून उठत नाहीस. दुपारी बारालासुद्धा पडदे ओढलेले असतात. जेवण म्हणजे ब्रेड, नाहीतर मॅगी. आणि पडल्या पडल्या परतीच्या तिकिटांचे दर बघत असतेस. इथे ना ऊन ना पाऊस धड, माणसाने जगायचं कसं, असं तू तिला म्हणालीस म्हणे.

तिकिटाचं नंतर बोलू. मला घोर लागलाय तो पडद्यांचा. भाऊजी गेले त्या पावसाळ्यात दापोलीच्या घरी तू माजघरात जी बसून राहिली होतीस, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस, आणि हाताला धरून ओटीवर आणायला आम्ही चौघं होतो. तिथे आयर्लंडमध्ये, गॉलवेत कोण आहे?

आता थोडं रागावतो, ऐकून घे. तू नर्स आहेस. ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी खाटेवरून उठवून चालवणं हे तुझं रोजचं काम. तो नको म्हणतो, दुखतंय म्हणतो, तरी तू त्याला उठवतेस. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात गाठी होतात, हे माझ्या हर्नियाच्या वेळी तूच मला फोनवरून सुनावलं होतंस आणि मी निमूट उठलो होतो. मग हे सगळं दुसऱ्यांसाठीच शिकलीस का?

तुझं दुःख कुठे आहे ते मला कळतं. सप्टेंबरात तू पोचलीस तेव्हापासून जो तो तुला सांगत आला, जरा थांब, उन्हाळा येऊ दे. त्या एका आशेवर तू हिवाळा काढलास. साडेचारच्या आत दिवस मावळायचा तो डिसेंबर काढलास. आणि आता जुलै संपत आला तरी अंगावर स्वेटर, आकाशात मळभ, बाहेर पिरपिर. कोणाचाही धीर सुटेल. पण सायले, ज्यांनी तुला उन्हाळ्याचं सांगितलं त्यांच्या मनातला उन्हाळा आणि आपल्या मनातला उन्हाळा एक नाही. गॉलवे ५३ अक्षांशावर, अटलांटिकच्या अगदी तोंडाशी. जुलैतलं तिथलं दुपारचं सरासरी तापमानच १८-१९ अंश. आयर्लंडमधल्या उष्णतेचा उच्चांक म्हणजे ३३.३, तो किलकेनीला १८८७ सालच्या जूनमध्ये नोंदला गेला आणि आजवर मोडलेला नाही. तेवढं ऊन आपण पुण्यात मार्चमध्येच सोसतो. समुद्रामुळे तिथला हिवाळा फार बोचरा होत नाही, आणि त्याच समुद्रामुळे उन्हाळाही तापत नाही. एकाच हाताने घेतो आणि देतो.

एखादा उन्हाळा बरा जातो, एखादा असा जातो, त्याचं कारण बरंचसं वर आकाशात असतं. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर वेगवान वाऱ्याचा एक पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असतो. जेट प्रवाह म्हणतात तो. तो आयर्लंडच्या उत्तरेला सरकला की अझोर्स बेटांकडचा जास्त दाबाचा प्रदेश वर पसरतो आणि लख्ख दिवस मिळतात. तो आयर्लंडच्या डोक्यावर किंवा दक्षिणेला ठाण मांडून बसला, की अटलांटिकवरून कमी दाबाचे पट्टे एकामागून एक येतच राहतात. तू जायच्या आधीचंच बघ. २०२३ चा जून तिथल्या नोंदींतला सर्वांत उष्ण जून, आणि लगेच त्याच्या पाठीवरचा जुलै सर्वांत ओला जुलै. एकाच उन्हाळ्यात दोन्ही. तिथली म्हातारी माणसं १५ जुलैला, सेंट स्विदिनच्या दिवशी, पाऊस पडला तर पुढचे चाळीस दिवस पडतो म्हणतात. आपल्याकडे नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस ते बघतात, तसंच. चाळीस दिवसांची ती शिक्षा आकड्यांत कुठे दिसत नाही, तेव्हा कोणी तसं म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

पुण्याच्या वेधशाळेत, सिमला ऑफिसात, आयुष्य गेलेल्या माणसाकडून अजून एक आकडा ऐक. डब्लिनला वर्षभरात साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या पुण्यात जवळपास तेवढाच. फरक वाटपात आहे. पुण्याचा बहुतेक सगळा चार महिन्यांत उरकतो, आणि कधीकधी कसा उरकतो ते परवा गुरुवारी पाहिलं. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत लोकांच्या घरांत शिरलं. तिथला पाऊस मात्र वर्षभर थोडा थोडा वाटलेला. पूर्वेकडे वर्षाचे दीडशेच्या आसपास ओले दिवस, आणि तुझ्या पश्चिमेकडे काही ठिकाणी सव्वादोनशे. म्हणजे पाऊस थांबायची वाट बघत घरात बसायचं ठरवलं, तर वर्षातला निम्म्याहून अधिक काळ पडद्याआड जाईल. हाच माझा सगळा घोर आहे.

पण ओला दिवस म्हणजे दिवसभर पाऊस नव्हे. बहुतेक वेळा तो तासाला एखाद-दोन मिलिमीटरच पडतो, आणि मधे मधे उघडीप असते. तास-दीड तासाची का होईना, असते. फोनवर तिथल्या वेधशाळेचं रडार उघडून बघ, कॉनेमाराच्या बाजूने ढगांची रांग येताना दिसते आणि त्या रांगेतली फटही दिसते. ती फट आपली. केस धुवायचे राहिलेत, कपडे वाळत घालायचेत, ही कारणं तेव्हा नकोत. छत्री घेऊ नकोस, तिथला वारा ती टिकू देत नाही. टोपीचं जाकीट आणि पाणी न शिरणारे बूट यांवर पैसे खर्च कर, आईला पाठवायच्या पैशांतून कर, मी तिला सांगितलंय. आणि सॉल्टहिलच्या समुद्राकाठच्या रस्त्याने शेवटपर्यंत चालत जा. तिथे एक भिंत आहे, लोक तिला पाय लावून परत फिरतात, तूच फेब्रुवारीत व्हिडिओ पाठवला होतास. ब्लॅकरॉकच्या मनोऱ्यावरून त्या थंड पाण्यात उड्या मारणारी आजीच्या वयाची बाईही त्यात होती. तू उडी मार असं मी म्हणत नाही. भिंतीला पाय लावून ये, एवढंच म्हणतो.

उजेडाचंही सांगतो. हिवाळ्यात जो उजेड तिथे नव्हता तो आत्ता आहे. सूर्यच रात्री साडेनऊनंतर मावळतो, आणि त्यापुढेही संधिप्रकाश असतो. ढगातून आलेला असला तरी तो उजेडच. तो पडदे ओढून तू बाहेर ठेवतेस, आणि पुन्हा नोव्हेंबर आला की मागून मिळणार नाही. रात्रपाळी करून आलीस की पडदे ओढ, झोप पुरी कर, त्याला माझी ना नाही. पण पाळी नसताना कशाला?

१९७४ सालचा माझा पावसाळा तुला कोणी सांगितला नसेल. तेविसाव्या वर्षी मला महाबळेश्वरच्या वेधशाळेत पाठवलं होतं. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. घरांच्या भिंतींना गवताचे तट्टे बांधलेले, आत दिवसा दिवा. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा. जुलैत एका दिवसाच्या पाण्यासाठी ते पात्र कितीतरी वेळा भरावं लागे, बोटं आखडून जात. एवढं काम झालं की मी खोलीत शिरायचो तो दुसऱ्या दिवशी साडेआठलाच बाहेर. घरमालकीण आक्का रोज संध्याकाळी हाक मारायची, चुलीपाशी येऊन बस म्हणायची. तिचे सासरे तिथे बसून जावळीच्या खोऱ्यातल्या जुन्या वाटांबद्दल सांगत असत. भिंतीतून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. मी घोंगडी डोक्यावरून घेऊन पडलेला असायचो. बदलीचा अर्ज केला, मंजूर झाला, सप्टेंबरात निघून आलो. पावसाचा थेंबन् थेंब मी वहीत लिहिला, आणि त्या गावातलं एक माणूस मला नावाने ओळखत नव्हतं. पुढे पुष्कळदा वाटलं, आक्काच्या चुलीपाशी एकदा तरी जाऊन बसायला हवं होतं. आता त्या घरात कोणी नाही.

म्हणून तुला माणसांबद्दल सांगतोय. तिथली माणसं हवेबद्दल बोलतात ते वेळ घालवायला बोलतात असं समजू नकोस. गार, ओलसर हवेत बटाट्यावर करपा पसरतो, आणि १८४५ पासून त्या करप्याने त्यांची जवळजवळ दहा लाख माणसं नेली आणि तितकीच देशोधडीला लावली. आजही तिथली वेधशाळा उन्हाळ्यात करप्याचा इशारा देते. तुझ्या वॉर्डात कोणी म्हातारा शेतकरी असेल, तर त्याला विचार, गवत कापून झालं का, सलग दोन-तीन कोरडे दिवस मिळाले का. हिवाळ्यात गुरांनी काय खायचं ते त्या दिवसांवर ठरतं. आपल्या दापोलीचा माणूस भाताच्या लावणीबद्दल जसा भडाभडा बोलतो तसा तो बोलेल. तू कोकणातल्या आईची मुलगी, तुला पावसाबद्दल बोलता येत नाही असं होणार नाही.

आज जुलैचा शेवटचा रविवार. तुझ्या उत्तरेला मेयोत क्रो पॅट्रिक नावाचा ७६४ मीटर उंचीचा डोंगर आहे, आज तिथे यात्रा असते. हजारो माणसं चढतात, काही अनवाणी, आणि वर बहुतेक वेळा ढगच असतो. यंदाची आषाढी नुकतीच झाली. पालख्या पुण्यातून गेल्या तेव्हा तुझी मामी नेहमीसारखी दारात पाणी घेऊन उभी होती. भिजलेल्या वारकरी बायकांकडे बघताना ती तुझंच नाव काढत होती. पुढच्या वर्षी कोट्टयमच्या त्या मुलीला घेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत तरी जाऊन ये.

बाकीचं भराभर सांगतो. ओले कपडे खोलीत वाळवू नकोस, भिंतींना बुरशी धरते आणि तुझा लहानपणचा दमा आहेच. गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं त्यात घाल. रोज दहा मिनिटं खिडकी उघड. ड जीवनसत्त्वाची गोळी चालू आहे का? सावळ्या कातडीच्या माणसांनी ती वर्षभर घ्यावी असं तिथलं अन्नसुरक्षा प्राधिकरणच सांगतं, हे तुला माझ्याहून जास्त माहीत असणार, पण घेतेस का ते सांग. कुकरला वरण-भात लाव, त्या मुलीलाही वाढ. आणि हे सगळं करूनही पंधरा दिवसांत मन वर आलं नाही, सकाळी उठावंसंच वाटलं नाही, तर डॉक्टरकडे जायचं. दापोलीच्या वेळी आपण फार थांबलो होतो. या वेळी थांबायचं नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि हे कोणाला सांगायचं नसेल तर फक्त मला सांग.

आता तिकिटाचं. पत्र लिहायला बसलो तेव्हा तुला बजावणार होतो, की दीड वर्ष राबून परीक्षा दिल्यास, कर्ज काढलंस, आता वर्षसुद्धा पुरं न करता परत यायचं नाही. लिहिता लिहिता तो राग गेला. कर्जाचं मी आणि आपला अविनाश बघून घेऊ, सुमीला त्यातलं काही कळायची गरज नाही. तुला खरंच राहवत नसेल तर ये. कोणाला उत्तर द्यावं लागणार नाही, समोरच्या गोखल्यांनाही नाही, मी दारात उभा राहीन. वरची खोली मामीने तुझ्यासाठीच ठेवली आहे, तिथे कोणाला झोपू देत नाही. फक्त येण्याचा निर्णय अंधाऱ्या खोलीत पडून घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

तू मोठी झालीस, परदेशात एकटी नोकरी करतेस, अनोळखी माणसांची आजारपणं काढतेस, याचा मला किती अभिमान आहे ते मी तोंडावर कधी बोललो नाही. भाऊजी असते तर त्यांनी रोज गावभर सांगितलं असतं.

हे पत्र हाताने लिहिलंय. अविनाश त्याचे फोटो काढून पाठवेल, अक्षर लागलं नाही तर विचार. गुरुवारी तुझी सुट्टी असते. त्या दिवशी फोन कर, कितीही वाजता कर. मी उचलीन.

तुझा,
नानामामा