उतारवयातील शब्दसाधना

मुलाच्या नोकरीनिमित्त चेन्नईस राहावयास गेलेल्या वृद्ध मराठी मनुष्यास शेजाऱ्याशी दोन शब्द बोलता आले नाहीत, तर तो एकाकी पडतो. या वयात नवी भाषा येणे नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. वयोमानाने नवा शब्द मनात रुजण्यास अधिक वेळ लागतो, हे खरे. परंतु आयुष्यभर जमविलेला शब्दसंग्रह बहुधा शाबूत असतो. नव्या शब्दाची त्याच्याशी सांगड घालणे, हा पहिला उपाय होय.

तमिळमध्ये झाडास ‘मरम्’ म्हणतात. त्याच्या उच्चाराजवळचा मराठी शब्द ‘मलम’. झाडाच्या सोललेल्या खोडाला कोणी मलम लावीत आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणले की शब्द व अर्थ एकत्र बांधले जातात.

दुसरा उपाय अंतराने उजळणी करण्याचा. शिकलेले प्रथम झपाट्याने व नंतर सावकाश विसरते, असे जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखविले. पुढे अमेरिकेतील बाहरिक कुटुंबातील चौघांनी परभाषेतील शब्दांवर स्वतःच प्रयोग केला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्या १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांइतक्याच फलदायी ठरल्या.

उजळणी म्हणजे पुनर्वाचन नव्हे. अर्थ झाकून ठेवावा, आठवण्याचा प्रयत्न करावा व मगच तो पाहावा. आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने असा क्रम ठेवून रोज मोजकेच शब्द घेतल्यास उतारवयातही भाषा हळूहळू आपलीशी होते.