छळछावणी बघायला जाताना, आणि आपला काळा चबुतरा

दुसरं महायुद्ध शिकवून झालं की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, त्या छळछावण्या अजून आहेत का? बघता येतात का?"

आहेत. पोलंडमधलं ऑशवित्झ आज संग्रहालय आहे. १९४० ते १९४५ या काळात तिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यात बहुतेक ज्यू होते. जाणाऱ्याला काचेआड बुटांचे ढीग दिसतात, नावं लिहिलेल्या सुटकेस दिसतात. स्त्रियांचे कापलेले केस ठेवलेत त्या दालनात फोटो काढायला मनाई आहे. का असेल? उत्तर वहीत लिहा, मला वाचायचंय.

पोलंड लांब राहिलं. तुम्ही गुलमंडीवरून चालत निघा. सुपारी हनुमानाला नमस्कार करा, टिळक पथाने पैठण गेट, तिथून सिल्लेखाना, आणि समोर क्रांती चौक. तिथेच काळा चबुतरा आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं तिथल्या सिग्नलला फक्त हिरवा दिवा बघत उभा राहिलोय, हे कबूल करतो.

जून १८५७. हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ तेव्हा इथल्या छावणीत होतं. आपल्याला निजामाच्या मुलखाबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, असा संशय शिपायांना आला आणि ते बिथरले. पुण्याहून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. झटपट लष्करी खटले चालले. मीर फिदा अली या दफेदाराला फाशी झाली. इतरांना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं.

आता घाई करू नका. 'आपलं ऑशवित्झ' असं कुणी निबंधात लिहिलं तर मी मार्क कापणार! तिथे माणसं केवळ ज्यू किंवा रोमा म्हणून जन्मली म्हणून कारखान्यासारखी मारली. इथे बंड केलेल्या सैनिकांना जरब बसावी म्हणून शिक्षा दिली. दोन्ही क्रूरच, पण एक नाहीत. बघणाऱ्याचं काम मात्र दोन्हीकडे सारखंच आहे: कोण मेलं, कुणी मारलं, कशासाठी, हे विचारायचं. फिदा अलीचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे. बाकीच्यांची नावं वर्गात किती जणांना सांगता येतील?

रविवारी सकाळी जा, तेव्हा वाहनं कमी असतात. मोबाईल खिशात ठेवा. पाच मिनिटं नुसतं उभं राहा, आणि रस्ता सांभाळून ओलांडा.