नित्य व्यवहारातील भेदभाव

नोकरी नाकारली गेली, तर तो भेदभाव उघड दिसतो. परंतु दुकानात होणारी उपेक्षा, बोलण्यातील तुच्छता, आपल्याला बुद्धी बेताचीच असे गृहीत धरणारी वागणूक, यांची नोंद कशी ठेवावी? अमेरिकेतील डेव्हिड विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली, डेट्रॉइट परिसरातील पाहणीच्या आधारे, यासाठी नऊ प्रश्नांची मोजपट्टी मांडली. तीत अनुभव आधी विचारला जातो, कारण मागाहून. वंश, लिंग, वय यांप्रमाणेच शरीराचे वजन हेही कारण सांगता येते. एकाहून अधिक कारणे सांगण्याची मुभा असेल, तर स्थूल कृष्णवर्णीय तरुणीला सोसावा लागणारा दुहेरी अवमानही नोंदला जातो. मिशिगन राज्याने १९७६ च्या कायद्यानेच वजनावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु नजरेतील तुच्छतेपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. म्हणूनच ती मोजणे अगत्याचे ठरते.