काचपेटीतला समुद्र

प्रस्तावना

दिल्लीजवळच्या गाझियाबाद शहरापासून समुद्र शेकडो कोस दूर आहे. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या कोकणी कुटुंबाला समुद्राची ओढ वाटली, तर ती स्वाभाविकच म्हणावी लागेल. अशा घरी काचेच्या पेटीत छोटासा समुद्र उभा करता येईल का? या पाठात आपण त्याची कृती आणि मर्यादा समजून घेणार आहोत.

पाठ

1951 साली मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात अनेकांनी प्रथमच जिवंत सागरी मासे पाहिले. मत्स्यालयाची हौस घरी करायची, तर पहिला प्रश्न पाण्याचा. स्वयंपाकाचे मीठ पाण्यात विरघळवून समुद्राचे पाणी तयार होत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे इतरही क्षार असतात. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे सागरी मीठच वापरावे. आर. ओ. यंत्रातून गाळलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे 100 लिटरला साधारण साडेतीन किलो मीठ लागते.

नवशिक्याने पेटी 100 लिटरपेक्षा लहान घेऊ नये. पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान आणि खारटपणा लवकर बदलतो. भरलेल्या पेटीचे वजन शंभर किलोहून अधिक होते. तेव्हा खालचे टेबल भक्कम हवे. पाणी सतत खेळते ठेवणारा पंप, दिवा आणि तापमापकही हवा. पाणी 24 ते 27 अंश सेल्सिअस राहावे लागते. गाझियाबादच्या उन्हाळ्यात ते थंड ठेवावे लागते आणि थंडीत हीटर लावावा लागतो. वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

पाणी भरताच मासे सोडण्याचा मोह आवरला पाहिजे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जीवाणू दगडांवर व वाळूत वाढण्यास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या पेटीत चिमूटभर मत्स्यखाद्य टाकत राहावे. पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मगच मासे सोडावेत. पुढे रोज वाफ होऊन कमी होणारे पाणी गोड्या पाण्याने भरून काढावे, कारण पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही.

मासे कोणते घ्यावेत? नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या क्लाउन माशांची एक जोडी पुरे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने या माशांच्या प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशांऐवजी असे पैदाशीचे मासे मागून घ्यावेत.

आता प्रवाळाविषयी. प्रवाळ दगडासारखा दिसला, तरी तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. ज्या अनुसूचीत वाघ, त्याच अनुसूचीत प्रवाळ! 2020 साली मुंबईत सागरी किनारा मार्ग बांधताना हाजी अली व वरळी येथील प्रवाळ परस्पर उखडता आले नाहीत. परवानगी घेऊन ते शास्त्रज्ञांकरवी अन्यत्र हलवावे लागले. मग कोणी दुकानदार समुद्रातून आणलेला प्रवाळ गुपचूप देऊ लागला, तर तो घ्यावा का? आपल्या पेटीत कोरडे दगड व कृत्रिम प्रवाळ ठेवावेत. खरा प्रवाळ पाहायचा, तर 1987 साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासारख्या ठिकाणी, त्याच्याच घरी जाऊन पाहावा.

पेटीतले पाणी दोन-तीन अंशांनी तापले, तर आपण पंखा लावून ते निववू शकतो. समुद्र तापला, की प्रवाळ पांढरा पडतो आणि तेथे आपला पंखा पोहोचत नाही. काचपेटी सांभाळणाऱ्याला हे रोज उमगत जाते.

शब्दार्थ

प्रवाळ – पोवळे. अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी. निववणे – थंड करणे

स्वाध्याय

1. मासे सोडण्यापूर्वी चार ते सहा आठवडे थांबणे का आवश्यक आहे?
2. वाफ झालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घातल्यास काय होईल?
3. 'प्रवाळ त्याच्याच घरी पाहावा' या विधानाविषयी तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.