लसीच्या संशोधनाला पैसा कोण देतो?



कोरेगाव भीमाजवळ, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण संशोधन केंद्र आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी तिथल्या आरोग्यकार्याचा पाया घातला. रोटाव्हायरसमुळे बाळांना होणाऱ्या जुलाबावरची भारतीय लस 'रोटाव्हॅक' २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि पुणे येथे तपासली गेली. त्यात ६,७९९ बाळे होती. लसीमुळे पहिल्या वर्षातला या विषाणूचा गंभीर जुलाब निम्म्याहून अधिक घटला.

खर्चाचा भार केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, परदेशी दानसंस्था आणि कंपनी यांनी मिळून उचलला. सरकारचा पैसा म्हणजे आपलाच कर; साबणाची वडी घेणारा मजूरही तो भरतो. म्हणून फळावरही आपला हक्क आहे. रोटाव्हायरसची लस सरकारी दवाखान्यात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मोफत मिळते. ती चुकवू नका.

उद्या शिरूर-दौंडच्या आपल्या वस्तीत औषध-चाचणीसाठी कोणी आले तर विचारा:

१. पैसा कुणाचा?
२. धोका काय?
३. इजा झाली तर उपचार कोण करणार?

२०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. नकार दिला तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. समजल्याशिवाय अंगठा देऊ नका, आणि ऐकीव भीतीने पाठही फिरवू नका. तथागतांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे: या, स्वतः पाहा, मग ठरवा.