प्रतिश्यायाचा रुग्ण, रोजची गोळी आणि पादांशिक क्रम

जुनाट प्रतिश्यायाचा रुग्ण आज वैद्याकडे येतो तेव्हा तो बहुधा निरौषध नसतो. पहाटेच्या शिंका, नाकातून पाण्यासारखा स्राव, डोळ्यांची कंडू यांसाठी तो तीनचार वर्षे रोज रात्री सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन घेत असतो. ‘ही गोळी सुटेल का?’ एवढाच त्याचा प्रश्न असतो. आपल्यापैकी अनेक चिकित्सक त्याच दिवशी गोळी बंद करावयास सांगून हरिद्राखंड सुरू करतात. ही पद्धत आम्हांस दोन कारणांनी सदोष वाटते.

पहिले कारण असे की, दीर्घकाळ घेतलेले द्रव्य शरीरास ओकसात्म्य झालेले असते. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने मे २०२५ मध्ये याच दोन औषधांविषयी सूचना प्रसिद्ध केली. अनेक महिने वा वर्षे रोज घेतल्यानंतर ती थांबवली असता काही थोड्या रुग्णांना, पूर्वी कधीही नसलेली, सर्वांगाची तीव्र कंडू सुरू झाल्याचे तीत नमूद आहे. अशी उदाहरणे विरळ आहेत, परंतु ज्याला ती होते तो पुन्हा गोळीकडे वळतो आणि ‘आयुर्वेदिक औषधाने खाज उठली’ असा शिक्का आपल्या औषधावर बसतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सात्म्य झालेले अहितही पादांशाने, मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवीत सोडावे असे सांगितले आहे. पादांश म्हणजे चतुर्थांश की षोडशांश, हा टीकाकारांचा वाद येथे बाजूस ठेवला तरी चालेल. व्यवहारात आम्ही मूळ डॉक्टरांच्या संमतीने प्रथम दहा मिलिग्रॅमची मात्रा पाचवर आणतो, दोन आठवड्यांनी एक दिवसाआड आणि पुढे दोन दिवसांआड करतो. लक्षणे उसळल्यास एक पायरी मागे येतो. आरंभासाठी रुग्णाचा त्रासाचा ऋतू टाळावा. ज्याचा प्रतिश्याय शरदात वाढतो त्याची गोळी आश्विनात कमी करणे म्हणजे अपयश ओढवून घेणे होय.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. सेटिरिझिनच्या जागी हरिद्राखंड वर्षानुवर्षे देत राहिलो तर गोळी जाऊन चूर्ण आले, एवढेच घडले. शिवाय या कल्पात हळदीच्या कितीतरी पट साखर असते. मधुमेही रुग्णास तो देताना हे विसरून चालत नाही.

म्हणून खरा भर निदानपरिवर्जनावर हवा. चिकित्सास्थानातील त्रिमर्मीय अध्यायात प्रतिश्यायाच्या हेतूंत रज, धूम, अवश्याय, शीत जल, वेगसंधारण, अजीर्ण आणि जागरण यांची गणना आहे. यांपैकी प्रत्येकाचा आजचा पत्ता रुग्णाच्या घरी शोधावा लागतो. रज म्हणजे केवळ रस्त्यावरची धूळ नव्हे. गादी, उशी व जुन्या गोधड्यांत राहणारा धूलिकीटक हे त्याचे प्रमुख रूप असून कोकणासारख्या दमट हवेत तो फोफावतो. उशीचे अभ्रे व चादरी आठवड्यास सुमारे ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवाव्यात, केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा, आणि दिवाळीपूर्वीची माळ्यावरची साफसफाई रुग्णाने स्वतः करू नये. धूम म्हणजे रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती आणि बंद देवघरातील धूप. शेताच्या बांधावर वा मोकळ्या भूखंडावर गाजरगवत माजले असल्यास त्याचे परागही विचारात घ्यावेत. पहाटे गार पाण्याने डोके धुण्याची सवयही विचारावी. पाच मिनिटांच्या तपासणीत हे निघत नाही. आम्ही पहिल्या भेटीस अर्धा तास राखून ठेवतो.

यानंतर नस्य. अणुतैलाचा प्रतिमर्श, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, उत्तम. मात्र नवप्रतिश्यायात, अजीर्णात व भोजनानंतर लगेच तो देऊ नये. चरकांनी अणुतैलास प्रावृट्, शरद् व वसंत हे काळ दिले आहेत आणि आकाश निरभ्र हवे असेही सांगितले आहे. ‘बाराही महिने रोज’ हा सल्ला त्या वचनाशी जुळत नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुण्यास सांगाल तर पाणी उकळून थंड केलेलेच हवे. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे पाणी नेतीपात्रातून वापरणारे दोघे जण मेंदूत शिरणाऱ्या अमिबाने दगावले. अर्ध्या लिटरला साधारण साडेचार ग्रॅम मीठ पुरते.

जेथे हात आखडावा अशाही जागा आहेत. तमकश्वासाच्या रुग्णाचा स्टिरॉइडयुक्त इन्हेलर आपण थांबवू नये, आणि पोटात घेतले जाणारे स्टिरॉइड तर अचानक कधीच नाही. शेंगदाणा, मासळी वा दंश यांनी ओठ सुजून श्वास कोंडणाऱ्या रुग्णास ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन व रुग्णालय हाच मार्ग आहे. माँटेलुकास्ट घेणाऱ्याच्या झोपेची व मनःस्थितीची चौकशी अवश्य करावी. या औषधावर मार्च २०२० मध्ये अमेरिकेत त्याविषयी ठळक इशारा छापणे सक्तीचे झाले. सर्व उपायांनंतरही त्रास हटत नसेल तर ॲलर्जितज्ज्ञांकडील प्रतिकारक्षम-चिकित्सेसाठी पाठवण्यात कमीपणा नाही. ती तीन ते पाच वर्षे चालते, पण हेतूवरच काम करते.

औषधालयाच्या चालकांकडे आमचे दोन आग्रह आहेत. ऑक्सिमेटाझोलिन वा झायलोमेटाझोलिनचे थेंब मागणाऱ्यास किती दिवसांपासून वापरता, हे विचारावे. पाच दिवसांहून अधिक वापरात हेच थेंब नाक चोंदवू लागतात, आणि बाटलीमागून बाटली नेणारा रुग्ण त्यांचाच रोगी असतो. दुसरे असे की, लेबल व परवाना क्रमांक नसलेली, दोन दिवसांत सर्दी-दमा थांबवणारी पुडी ठेवू नये. तशा पुडीत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. ती घेऊन चेहरा गोल झालेला रुग्ण दुकानात दिसला तर त्याला पुडी बंद कर असे न सांगता, पुडीसकट त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.