जिथे पाना लागला, तिथे आधी बघा

धड चालणारी गाडी घरी काम झाल्याबरोबर सुरू होईनाशी झाली, तर दोष बहुधा त्या कामातच असतो. बॅटरी, सेल्फ, पेट्रोलचा पंप नेमका तोच मुहूर्त साधून मरत नाहीत. गोष्ट सरळ आहे, पण गाडीभोवती चार माणसं जमली की सगळ्यात आधी तीच विसरली जाते.

आमच्या रिसोडात दसऱ्याच्या तोंडावर घरोघरी गाड्या धुतल्या-पुसल्या जातात. सोयाबीन काढणीचे दिवस, त्यामुळे थ्रेशरचा भुसा आणि धूळ एअर फिल्टरमध्ये गच्च बसलेली असते. पुतण्याने अंगणातच आमच्या पेट्रोल कारचे प्लग आणि फिल्टर बदलले, बॅटरीचा ट्रे काढून खालचा गंज घासला आणि सगळं परत बसवलं. चावी फिरवली तर नुसतं ‘कट्’. समोरचे दिवे मात्र लख्ख.

‘काका, सेल्फच नाही घेऊन राहिली!’

दिवस खंडेनवमीचा. फिटरांचे पाने पूजेत मांडलेले, त्या दिवशी ते कोण उचलणार? मग शेजाऱ्यांची निदानं सुरू झाली. एक म्हणाला बॅटरी बसली, दुसरा म्हणाला सेल्फवर हातोडी मारा, तिसरा रस्त्यावरचा ट्रक थांबवून करंट घ्यायला निघाला. दरम्यान पुतण्या सेल्फ मारतच होता, आणि प्लास्टिक तापल्याचा वास यायला लागला. बघितलं तर ॲक्सिलरेटरची केबल गरम!

त्या केबलनेच चोर दाखवला. सेल्फला शंभर अँपिअरहून जास्त करंट लागतो आणि तो इंजिनच्या धातूतून, जाड अर्थिंगच्या तारेने बॅटरीच्या मायनसला परततो. ती तार सुटली की करंट मिळेल त्या वाटेने, म्हणजे बारीक केबलमधून परतू पाहतो. आम्ही जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला धरलं. सेल्फ फिरला, गाडी लागली. ट्रे काढताना सोडलेला गिअरबॉक्सवरचा अर्थिंगचा बोल्ट परत दोनच आट्यांवर लटकला होता आणि ट्रेखाली झाकला गेला होता. नवी बॅटरी घेतली असती तरी गाडी तिथेच उभी राहिली असती.

म्हणून गाडी लागेना की आधी चावी बाजूला ठेवा आणि काय काय उघडलं होतं ते कागदावर लिहा. मग एकदाच सेल्फ मारून आवाज ऐका.

काहीच नाही किंवा नुसतं ‘कट्’: इंधन आणि प्लग विसरा, वाट विजेची आहे. बॅटरीची टर्मिनलं हाताने हलवून बघा. जराही फिरली तर सैल आहेत. पांढरट थर असेल तर घासा. मल्टिमीटर असेल तर भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारतानाही ती 12 च्या वर राहत असेल, तर बॅटरी ठीक आहे, करंट पुढे पोचत नाही. 10 च्या खाली कोसळत असेल, तर मात्र बॅटरी उतरलेली आहे. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ फिरतच नाही, तेही बघा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही: आता प्लगकडे या. कॉइलचं सॉकेट ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसलंय का? जुन्या गाडीत प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या का? इंजिन पाण्याने धुतलं असेल तर प्लगच्या खड्ड्यात पाणी साचतं, ते पुसून कोरडं करा. चावी ऑन केल्यावर मागून पंपाची क्षणभर घरघर ऐकू आली नाही, तर फ्यूज तपासा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह चमकत राहिलं, तर इमोबिलायझर चावी ओळखत नाही. दुसरी चावी लावून बघा.

डिझेल गाडी फिल्टर बदलल्यावर लागत नाही: तिने एअर धरली. फिल्टरजवळचा हातपंप घट्ट होईपर्यंत दाबा आणि एअर काढा. पण कॉमन रेल इंजिनवरचे लोखंडी पाइप घरी कधीही सैल करू नका. त्यात हजार बारहून जास्त दाब असतो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

शेजाऱ्यांचे सल्लेही गाळून घ्या. ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची, तिच्यावरून करंट चालतो. मोठे ट्रक बहुधा 24 व्होल्टचे असतात. त्यावरून घेतलात तर कारचा संगणक जळू शकतो. जंपरचा शेवटचा मायनस चिमटा आपल्या बॅटरीला न लावता दूर इंजिनच्या धातूला लावा, कारण बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो. उतारावर ढकलून गाडी सुरू करायला जाल, तर बंद इंजिनात ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. पेट्रोलचा वास येत असताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका.

पुढच्या वेळी पाना हातात घेण्याआधी मोबाइलने फोटो काढा. बॅटरी सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. सुटलेले बोल्ट ताटलीत ठेवा. काम संपल्यावर ताटली रिकामी दिसली पाहिजे.

एवढं करूनही गाडी लागली नाही तर फिटरला बोलवा आणि त्याला खरं सांगा. बरेच जण घरचं काम लपवतात: ‘काही नाही केलं हो, आपोआपच बंद पडली.’ मग तो बिचारा टाकीपासून शोध सुरू करतो आणि त्याचा प्रत्येक तास आपल्या बिलात येतो. ‘ट्रे काढला होता, प्लग बदलले होते’ हे वाक्य आधी सांगा. ते फुकट आहे, आणि दोष शोधण्याचं निम्मं काम तेच करतं.